प्रोटिस्टांचे वर्गीकरण आणि यवतमाळची तूर : एका सोयीस्कर समजाचा प्रतिवाद

अकरावीच्या जीवशास्त्रात ‘प्रोटिस्टा’ या सृष्टीला जी मोजकी पाने मिळतात, त्यांच्याविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात आणि ती एकमेकांना आधार देतात. पहिले मत असे की ज्या सजीवांच्या पेशीत आवरणाने वेढलेले केंद्रक आहे, पण ज्यांचे शरीर एकाच पेशीचे आहे, अशा साध्या सजीवांची ही एक स्वतंत्र सृष्टी असून ती वनस्पती, प्राणी आणि कवक यांच्या एक पायरी खाली उभी आहे. दुसरे मत असे की या सृष्टीच्या पोटभेदांवर शास्त्रज्ञांमध्ये जो वाद चालतो तो प्रयोगशाळेपुरता आहे, परीक्षा संपली की त्या नावांचे काम संपते, आणि कापूस, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर त्यांचा कोणालाच उपयोग नाही. ही मते शिक्षकही मांडतात, कृषी सेवा केंद्राचे चालकही मांडतात आणि कित्येकदा कृषी पदवीधरही मांडतात. यांपैकी पहिले मत शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, दुसरे व्यवहाराच्या कसोटीवर टिकत नाही, आणि दुसऱ्या मताची किंमत याच जिल्ह्यातील शेतकरी आपल्या खिशातून भरत आहे, असे येथे दाखवायचे आहे.

व्यवहारापासूनच सुरुवात करणे योग्य, कारण आक्षेप तिथूनच येतो. यवतमाळ जिल्ह्यात तूर बहुतेक ठिकाणी कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून उभी असते आणि खरीप हातचा गेला तरी तुरीवर काहीतरी पदरात पडेल, या भरवशावर कोरडवाहू कुटुंबाचे वर्ष काढले जाते. या पिकाची झाडे उभ्या शेतात वाळू लागली की शेतकरी ‘तूर उबळली’ किंवा ‘मर लागली’ असे म्हणतो, आणि दुकानात जाऊन मर रोगाचे औषध मागतो. परंतु तूर वाळण्याची निदान दोन कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. एक कारण फ्युजॅरियम उडम या कवकाचे, ज्याचा अभ्यास एडविन बटलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केला. हा कवक मुळातून शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बुजवतो, त्यामुळे पीक फुलावर किंवा शेंगांवर आले असताना झाड मलूल होते, बुडापासून वर जाणारा जांभळट पट्टा खोडावर दिसतो, आणि खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळ्या रेषा आढळतात. दुसरे कारण फायटोप्थोरा या सजीवाचे. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली, काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले, की सखल भागातील कोवळी झाडे ठिगळाठिगळाने करपतात, खोडावर जमिनीलगत तपकिरी ते काळे खोलगट चट्टे पडतात, वाऱ्याने झाड त्या चट्ट्यापाशी मोडते, आणि उपटून पाहिले तर मुळे बहुधा निरोगी असतात. या दोन्ही रोगांना एका नावाने हाक मारण्यात शेतकऱ्याचा दोष नाही, कारण वाळलेले झाड दोन्हीकडे सारखेच दिसते. दोष आहे तो ज्यांना यातील फरक शिकवला जायला हवा होता आणि शिकवला गेला नाही, त्यांच्या शिक्षणाचा.

फायटोप्थोरा हा कवक नाही. तो ऊमायसीट या गटातील आहे, आणि हा गट ज्यांना सामान्यतः प्रोटिस्ट म्हटले जाते त्या सजीवांमध्ये मोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला तो कवकासारखाच वाटतो, कारण त्यालाही धाग्यांसारखे शरीर आहे, तोही बाहेर पाचकरस सोडून अन्न शोषून घेतो, तोही बीजाणू तयार करतो. पण साम्य इथेच थांबते. कवकाची पेशीभित्ती मुख्यतः कायटिन या पदार्थाची बनलेली असते, जो खेकड्याच्या कवचातही असतो. ऊमायसीटची भित्ती सेल्युलोज आणि त्याच्या जवळच्या ग्लुकनांची असते. कवकाच्या धाग्यांतील केंद्रकांत गुणसूत्रांचा बहुधा एकच संच असतो. ऊमायसीटमध्ये वाढीच्या सर्व काळात दोन संच असतात. कवकाचे धागे बहुधा आडव्या पडद्यांनी विभागलेले असतात. ऊमायसीटचे धागे सलग नळीसारखे असून त्यांत असंख्य केंद्रके एकत्र वाहतात. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांच्या आतील घड्या कवकात चपट्या पाटीसारख्या, तर ऊमायसीटमध्ये नळीसारख्या असतात. सर्वांत महत्त्वाचा फरक पाण्यात दिसतो : ऊमायसीट आपले चलबीजाणू, म्हणजे पोहणारे बीजाणू, साचलेल्या पाण्यात सोडतो, आणि त्या प्रत्येकाला दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी हलणारे चाबकासारखे धागे असतात, ज्यांतील पुढच्यावर बारीक पोकळ केसांची रांग असते आणि मागचा गुळगुळीत असतो. अशी केसाळ कशाभिका तपकिरी शैवाले, डायाटम आणि पिवळसर-हिरवी शैवाले यांच्यातही मिळते, आणि त्या सर्वांचा मिळून जो वंश होतो त्याला स्ट्रॅमेनोपाइल असे म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांना लोंबणारे सरगॅसम आणि यवतमाळच्या तुरीचे खोड कुजवणारा फायटोप्थोरा हे नात्याने जितके जवळचे आहेत, तितका फायटोप्थोरा फ्युजॅरियमला जवळचा नाही. उलट फ्युजॅरियमसह सर्व खरे कवक प्राण्यांच्या, म्हणजे माणसाच्याही, अधिक जवळचे आहेत, हे १९९३ पासून जनुकांच्या तुलनेतून पुढे आले आणि त्यानंतर अधिकाधिक पक्के होत गेले.

या नात्याचा औषधाशी असलेला संबंध थेट आहे. कृषी सेवा केंद्रात सर्वाधिक खपणाऱ्या बुरशीनाशकांपैकी कार्बेन्डाझिम हे कवकाच्या पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि पेशीविभाजन रोखते. ऊमायसीटवर ते व्यवहारात निष्प्रभ ठरते. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल या गटातील औषधे कवकाच्या पेशीपटलाला लागणारा एर्गोस्टेरॉल हा मेदासारखा घटक तयार होऊ देत नाहीत. फायटोप्थोरा आणि त्याचा भाऊबंद पिथियम हे स्टेरॉल स्वतः बनवतच नाहीत, तेव्हा जे बनतच नाही ते थांबवणारे औषध त्यांचे काही बिघडवू शकत नाही. याच्या उलट मेटॅलॅक्झिल हे औषध ऊमायसीटमधील आरएनए तयार होण्याची क्रिया रोखते, पण फ्युजॅरियमवर त्याचा उपयोग नाही. म्हणजे फायटोप्थोराने करपलेल्या तुरीला कार्बेन्डाझिम दिले किंवा फ्युजॅरियमने मरणाऱ्या तुरीला मेटॅलॅक्झिल दिले, तर दोन्ही वेळा पैसा जातो, दिवस जातात आणि पीकही जाते. मर रोगाला प्रतिकारक म्हणून निवडलेला वाण फायटोप्थोरालाही प्रतिकारक असेलच असे नाही, ही गोष्टही याच वंशभेदातून येते.

असेच उमरखेड, महागाव, पुसद या पट्ट्यातील हळदीचे. हळदीच्या कंदकुजीला प्रामुख्याने पिथियमच्या जाती कारणीभूत असतात आणि त्या ऊमायसीटच आहेत. पानांवरील ठिपके मात्र खऱ्या कवकांचे असतात. एकाच शेतात, एकाच झाडावर, जमिनीखाली एक वंश आणि जमिनीवर दुसरा वंश असताना दोहोंवर एकच फवारा मारणे ही काटकसर नाही. विदर्भातील संत्र्याच्या बागांना ग्रासणारा डिंक्या रोगही फायटोप्थोराचाच. त्यासाठी बुंध्याला मोरचूद आणि कळीच्या चुन्याचा बोर्डो मलम लावण्याची जी रीत बागाईतदारांच्या हाताला बसली आहे, तिचा उगम फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बोर्डो मिश्रणात आहे, आणि तो केवडाही ऊमायसीटचाच रोग आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजवून दुष्काळ ओढवणारा फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हाही याच कुळातला. जगाच्या शेतीला ज्या गटाने इतके छळले, त्या गटाची ओळख शेतीप्रधान जिल्ह्यातील विद्यार्थ्याला चुकीच्या पानावर होते, हा काही लहानसहान दोष नव्हे.

चुकीचे पान म्हणजे काय, हेही पाहायला हवे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कवक सृष्टीचा एक वर्ग फायकोमायसीट म्हणून दिला आहे आणि त्याची उदाहरणे म्हणून म्युकर, रायझोपस आणि अल्ब्युगो ही तीन नावे शेजारीशेजारी ठेवली आहेत. म्युकर आणि रायझोपस हे खरे कवक आहेत. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्या काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे गेले ती याच गटाची. अल्ब्युगो मात्र ऊमायसीट आहे. विदर्भाच्या परसात तांदुळजाच्या पानाखाली जे पांढरे फोड उठतात ते अल्ब्युगोच्या कुळाचेच काम. ज्या दोन वंशांचा सामाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहूनही मागे गेलेला आहे, त्यांना एका ओळीत बसवून विद्यार्थ्याकडून पाठ करून घेतले जाते, आणि त्याच पुस्तकात त्याआधीच्या पानांवर प्रोटिस्टा ही वेगळी सृष्टी असल्याचे सांगितले जाते. तीच परिषद प्रोटिस्टांच्या सीमा नीट आखलेल्या नाहीत हेही मान्य करते. तरीही ती सीमा का आखता येत नाही, हे सांगत नाही.

ते सांगण्यासाठी या सृष्टीचा जन्म कसा झाला हे लक्षात घ्यावे लागते. लिनियसच्या अठराव्या शतकातील मांडणीत सजीवांच्या दोनच सृष्टी होत्या. सूक्ष्मदर्शकाने दाखवलेले असंख्य जीव त्यांत बसेनात, म्हणून जॉन हॉग यांनी १८६० मध्ये आणि एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये तिसरी सृष्टी सुचवली. प्रोटिस्टा हे नाव हेकेल यांचे. पुढे हर्बर्ट कोपलँड यांनी १९३८ मध्ये जीवाणूंना त्यातून बाहेर काढले, आणि रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टींची जी मांडणी केली तीच आजही आपल्या वर्गांत फळ्यावर लिहिली जाते. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले, आणि विदर्भातील कृषी शिक्षणाच्या कित्येक पिढ्या या मांडणीखालीच शिकल्या. व्हिटेकर यांची मांडणी त्यांच्या काळात मोठे पाऊल होती, याबद्दल वाद नाही; त्यांनी कवकांना वनस्पतींपासून वेगळे केले ही त्यांची देणगी टिकून आहे. परंतु त्यांनी सजीवांना मुख्यतः पेशींची रचना आणि अन्न मिळवण्याची पद्धत यांवरून वाटले, आणि शोषून खाणारे म्हणून ऊमायसीटही कवकांतच ठेवले. खाण्याची पद्धत मात्र एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे, उत्क्रांत होऊ शकते. वटवाघूळ आणि घार दोघेही उडतात म्हणून त्यांना एका वर्गात घालत नाहीत. ऊमायसीट आणि कवक यांच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडले.

प्रोटिस्टा या सृष्टीची व्याख्याच मुळात नकारात्मक आहे. ज्याच्या पेशीत केंद्रक आहे, पण जो वनस्पती नाही, प्राणी नाही आणि कवकही नाही, तो प्रोटिस्ट. अशा व्याख्येतून गुणधर्मांची यादी निघूच शकत नाही, आणि जी यादी वर्गात शिकवली जाते तिच्यातील प्रत्येक कलम मोडते. एकपेशीयता म्हणावी, तर तपकिरी शैवालांतील केल्प समुद्रात कित्येक मीटर लांबीचे, वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे भाग असलेले शरीर वाढवतात. आणि एकपेशीय यीस्ट मात्र कवक म्हणून स्वीकारले जाते. सूक्ष्मता म्हणावी, तर पावसाळ्यात कुजक्या लाकडावर पसरणाऱ्या स्लाइम मोल्डांचा पिवळा थर हातभर होतो, आणि त्यात अगणित केंद्रके एकाच आवरणात असतात. पाण्यातील राहणी म्हणावी, तर हिवतापाचा प्लास्मोडियम माणसाच्या रक्तपेशीत राहतो. प्रकाशसंश्लेषण म्हणावे, तर अर्ध्याहून अधिक गट ते करत नाहीत. हलण्याचे अवयव म्हणावे, तर कोणी कशाभिकेने पोहतो, कोणी सूक्ष्म केसांनी, कोणी शरीराचाच फुगवटा पुढे ढकलून सरकतो, आणि प्लास्मोडियमच्या गटातील बरेचसे जीव घसरत पुढे जातात. या सर्वांमध्ये सामाईक असे एकच आहे की त्यांच्या पेशीत केंद्रक आहे, आणि ते तर शेवग्याच्या झाडातही आहे, वाघातही आहे.

जनुकांच्या तुलनेवर उभी राहिलेली आजची मांडणी या प्रश्नाला वेगळ्या वाटेने जाते. सिना अॅडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५, २०१२ आणि २०१९ मध्ये केंद्रकयुक्त सजीवांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात सृष्टी नाहीत, वंश आहेत. हिरवी आणि तांबडी शैवाले भूवनस्पतींबरोबर एका वंशात जातात, कारण एका जुन्या घटनेत सायनोबॅक्टेरिया गिळून ज्यांनी लवक, म्हणजे प्रकाश शोषून अन्न तयार करणारा पेशीतील भाग, मिळवला, त्यांचे ते वारस आहेत. प्राणी, कवक आणि त्यांच्या जवळचे कशाभिकायुक्त सूक्ष्मजीव यांचा एक वंश होतो. अमीबा आणि स्लाइम मोल्ड यांचा तिसरा. ऊमायसीट, डायाटम आणि तपकिरी शैवाले ज्यात येतात ते स्ट्रॅमेनोपाइल, प्लास्मोडियम ज्यात येतो ते अल्व्हिओलेट, आणि कवचधारी अमीबांसारखे रायझेरिया मिळून ‘सार’ नावाचा महावंश होतो. युग्लीना आणि ट्रिपॅनोसोमा आणखी एका वंशात एकत्र येतात. प्रोटिस्ट या सर्व वंशांत विखुरलेले आहेत. म्हणून ‘प्रोटिस्ट’ हा शब्द राहण्याच्या ढंगाचा सोयीचा शब्द म्हणून वापरण्यास हरकत नाही, जसा ‘झुडूप’ वापरतो. पण त्याला वंशाचे नाव म्हणून शिकवणे ही चूक आहे.

युग्लीना आणि ट्रिपॅनोसोमा यांचे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा पुरावा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पाठ्यपुस्तकात युग्लीना वनस्पतीसारखा प्रोटिस्ट म्हणून एका परिच्छेदात आणि ट्रिपॅनोसोमा प्राण्यासारखा आदिजीव म्हणून दुसऱ्या परिच्छेदात येतो. प्रत्यक्षात कशाभिकेची अंतर्गत रचना, तंतुकणिकेतील चकतीसारख्या घड्या आणि जनुके यांवरून ते एकाच वंशाचे ठरतात. युग्लीनाच्या एका पूर्वजाने हिरवे शैवाल गिळून हरितलवक मिळवले, इतकाच त्यांच्यातील देखाव्याचा फरक. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी ही जाती गुराढोरांत, घोड्यांत आणि उंटांत सर्रा नावाचा ताप आणते आणि चावणाऱ्या गोमाश्यांमार्फत पसरते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये ती डेरा इस्माईल खान येथे शोधली. माणसाला तिची लागण होत नाही असेच मानले जात होते. २००४ मध्ये सिंदेवाही तालुक्यातील सिवनी या गावच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र ती सापडली, आणि २००५ मध्ये माणसातील हा रोग म्हणून त्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात झाली. अशा रुग्णासाठी कोणतेही ठरलेले औषध नव्हते. पण ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा आफ्रिकेतील निद्रारोग आणणाऱ्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीचा अगदी निकटचा वंशज आहे हे माहीत असल्यामुळे, निद्रारोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत वापरले जाणारे सुरामिन जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळवून त्याला दिले गेले आणि तो बरा झाला. पुढे २००६ मध्ये असेही दिसून आले की या रुग्णाच्या शरीरात ट्रिपॅनोसोमांना मारणारे एपीओएल१ हे प्रथिन जनुकीय दोषामुळे तयारच होत नव्हते. औषध कोणते द्यावे हा निर्णय येथे वंशावळीने सुचवला; ‘प्राण्यासारखा प्रोटिस्ट’ या लेबलाने तो कोणालाही सुचला नसता.

हिवतापाच्या परजीवीचेही तसेच आहे, जरी त्यावर इथे फार लिहिण्याची गरज नाही. प्लास्मोडियमला आदिजीव, म्हणजे प्राण्यांचे पूर्वरूप, म्हणून शिकवले जाते. पण त्याच्या पेशीत एपिकोप्लास्ट नावाचे चार आवरणांचे लवक शिल्लक आहे, जे त्याच्या पूर्वजाने गिळलेल्या तांबड्या शैवालाकडून आलेले आहे. ते प्रकाश शोषत नाही, पण परजीवीला जगण्यासाठी लागते, आणि त्यात सायनोबॅक्टेरियाच्या वारशाने आलेली जीवाणूंसारखी यंत्रणा आहे. जीवाणूंवर चालणारे डॉक्सिसायक्लिन हिवताप टाळण्यासाठी का चालते, याचे उत्तर त्या लवकात आहे.

आता प्रतिपक्षाचे बळकट आक्षेप. पहिला असा की मॅन्कोझेब आणि तांब्याची औषधे कवक आणि ऊमायसीट दोघांवरही चालतात, ट्रायकोडर्मा दोघांविरुद्ध वापरतात, आणि पाण्याचा निचरा, रुंद सरी, पिकांची फेरपालट हे उपाय तर सर्वांनाच लागू आहेत. मग शेतकऱ्याला वंश समजून करायचे काय. हे म्हणणे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच घातक आहे. मॅन्कोझेब आणि तांबे पेशीतील अनेक ठिकाणी एकाच वेळी मारा करतात, त्यामुळे वंशाचा फरक त्यांना आड येत नाही. परंतु ही औषधे झाडाच्या पृष्ठभागावर राहून संरक्षण देतात, आत शिरलेल्या रोगाला पोहोचत नाहीत, आणि जिथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारे औषध लागते तिथे वंश ओळखल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. शिवाय निचऱ्याचा उपाय फायटोप्थोरावर इतका परिणामकारक का, तर त्याचे चलबीजाणू पोहतात म्हणून. फ्युजॅरियमला पोहावे लागत नाही, ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तिथे फेरपालट आणि प्रतिकारक वाण अधिक कामाचे. म्हणजे औषध न मारता करायचे उपायही वंश पाहूनच नेमके होतात.

ज्या जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, तिथे अनावश्यक फवारा कमी करणारे कोणतेही ज्ञान पुस्तकी म्हणून बाजूला सारण्याची चैन परवडणारी नाही. त्या वेळची विषबाधा कीटकनाशकांची होती, बुरशीनाशकांची नव्हे, हे खरे. पण टाकीत दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची सवय निदानाच्या अभावातून येते, आणि निदान नसेल तर शेतकरी दुकानदाराने दिलेले सगळेच मारतो.

दुसरा आक्षेप अधिक चांगला आहे : औषधे नेहमी वंशाप्रमाणे चालत नाहीत. मेट्रोनिडॅझोल आमांशाच्या एंटअमीबावर, जिआर्डियावर आणि प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंवर चालते, जरी हे तिघे नात्याने फार दूर आहेत. काळ्या बुरशीवर दिलेले अॅम्फोटेरिसिन बी काळा आजाराच्या लीश्मानियावरही चालते, जरी लीश्मानिया ट्रिपॅनोसोमाच्या वंशातला आहे. हे दाखले खोडून काढण्याची गरज नाही, कारण ते वंशावळीचे महत्त्व कमी करत नाहीत. अॅम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलसारख्या घटकाला चिकटते आणि तो कवकातही आहे व लीश्मानियातही आहे, ऊमायसीटमध्ये नाही. कोणता गुणधर्म वारशाने आला, कोणता स्वतंत्रपणे दोनदा उपजला, आणि कोणता एका वंशात हरवला, हे सांगण्यासाठी आधी वंश माहीत असावा लागतो. वंशावळ ही औषधांची तयार यादी नव्हे, पण कुठे काय शोधायचे याची पहिली दिशा तिच्याकडूनच मिळते, आणि देखाव्यावरून केलेली वाटणी ती दिशा देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप वर्गीकरणाच्या अस्थिरतेचा : दर काही वर्षांनी शास्त्रज्ञ गट मोडतात आणि जोडतात, तेव्हा विद्यार्थ्यांना जुन्या स्थिर मांडणीवरच ठेवावे. महावंशांच्या पातळीवर बदल होत आहेत हे खरे. एक्स्कॅव्हाटा नावाचा गट, जो २००५ च्या मांडणीत होता, तो पुढे एकसंध राहिला नाही. पण इथे ज्या नात्यांवर सारा भर दिला आहे ती नाती अशी डळमळीत नाहीत. ऊमायसीटांचे व्होशेरिया या पिवळसर-हिरव्या शैवालाशी असलेले साम्य प्रिंग्झहाइम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच टिपले होते. पेशीभित्तीचे रसायन, कशाभिकांची सूक्ष्म रचना आणि नंतर जनुके, या एकमेकांपासून स्वतंत्र पुराव्यांनी त्याला पुष्टी दिली. जे दीडशे वर्षांपूर्वी दिसले आणि प्रत्येक नव्या तंत्राने पक्के झाले, त्याला अस्थिर म्हणणे आणि त्याऐवजी १९६९ च्या मांडणीला स्थिर म्हणणे, म्हणजे न बदलणे हाच पुरावा मानणे होय. महाराष्ट्रात सरोदे आणि कामत यांनी १९८४ मध्ये गोड्या पाण्यातील डायाटमांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील डायाटमही याच वंशाचे; तेव्हा या वंशाचा अभ्यास आपल्या मातीत नवा आहे असेही म्हणता येत नाही.

अभ्यासक्रमाचा भार वाढेल ही भीतीही बाळगण्याचे कारण नाही. आज विद्यार्थी क्रायसोफाइट, डायनोफ्लॅजेलेट, युग्लिनॉइड, स्लाइम मोल्ड, प्रोटोझोआ अशी पाच नावे एका सृष्टीखाली पाठ करतो, आणि ती का एकत्र आहेत याचे कारण त्याला दिले जात नाही, कारण ते नाहीच. त्याऐवजी पाच-सहा वंश, प्रत्येकाचे एक परिचित उदाहरण आणि त्या वंशाचा वारसा ठरलेला एक गुणधर्म शिकवला, तर नावे तेवढीच राहतात आणि विद्यार्थ्याच्या हाती तर्क पडतो. पुसदच्या विद्यार्थ्याला केसाळ कशाभिकेचे चलबीजाणू शिकवताना हळदीच्या कंदकुजीचे उदाहरण दिले, तर तो ते आपल्या घरच्या शेताशी ताडून पाहील.

माणसाच्या डोळ्याचा एक दाखला या सर्व चर्चेला लागून येतो, आणि तो टाळता येत नाही. शेतात काम करताना पीक, कुसळ किंवा माती डोळ्याला लागून कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडदा, जखमी होतो आणि तिथे संसर्ग होऊन व्रण पडतो. अशा व्रणाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांचा दिसला की तो कवकाचा समजून नॅटामायसिनसारखी कवकविरोधी औषधे दिली जातात. काही वेळा मात्र ते धागे पिथियम इन्सिडिओसम या ऊमायसीटचे असतात, आणि एर्गोस्टेरॉलवर मारा करणाऱ्या औषधांना तिथे लक्ष्यच सापडत नाही, त्यामुळे व्रण वाढत जातो आणि डोळा गमावण्याची वेळ येते. यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणातील हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉक्टरांनी अशा रुग्णांना लिनेझोलिड आणि अॅझिथ्रोमायसिन या एरवी जीवाणूंवर वापरल्या जाणाऱ्या औषधांनी उपचार करून त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून भारतात या संसर्गाच्या उपचाराची वाट बदलली. हा संसर्ग ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना पाण्यात ठेवून त्यातून दोन कशाभिकांचे चलबीजाणू बाहेर पडतात का, हे पाहिले जाते. हीच परीक्षा तुरीच्या खोडावरील काळ्या चट्ट्यासाठीही होऊ शकते. तिला भारी यंत्रे लागत नाहीत, स्वच्छ पाणी, काचपट्टी, साधा सूक्ष्मदर्शक आणि काय शोधायचे हे माहीत असलेला माणूस लागतो. जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आजही मिळू शकतात. चौथी तयार होण्यासाठी अल्ब्युगोला म्युकरच्या शेजारून उठवून त्याच्या खऱ्या कुळात नेऊन बसवावे लागेल.